ज्याचा धुरा, त्याचं फावडं

आमच्या गावात माणूस खून करून आला तर लोक आधी त्याला पाणी विचारतील आणि मग पोलिसांना फोन करतील. पण दुसऱ्याचा धुरा फोडून आला तर पाणीसुद्धा विचारणार नाहीत. धुरा म्हणजे धानाच्या बांधीभोवतीचा, म्हणजे भातखाचराभोवतीचा, मातीचा बांध. त्यानं अडवलेलं पाणी ज्याचं, त्यानंच तो फोडायचा. त्यानं हो म्हटल्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. ज्याचा धुरा, त्याचं फावडं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच बहुधा तो कुणी मोडत नाही.

मी दामिनी. गाव हिवरटोला, नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि घराजवळच्याच मॅंगनीजच्या खदानीवर सरफेसची सुपरवायझर म्हणून लागले. सरफेस म्हणजे खड्ड्याबाहेरचं सगळं. ट्रक मोजायचा काटा, वर्कशॉप, रस्त्यावर पाणी मारणारा टँकर, नाल्या, गाळटाक्या आणि डम्प. लोकांना वाटतं खदान म्हणजे खड्डा. खड्डा खणायला काय लागतं? मशीन आणि डिझेल. खणून काढलेलं ठेवायचं कुठे आणि त्यावर पडलेलं पाणी न्यायचं कुठे, खरं दुखणं ते असतं आणि ते माझ्या वाट्याला आलं होतं.

तो डम्प गावाच्या अगदी उशाशी आहे. मॅंगनीज काढण्याआधी त्याच्यावरची माती, मुरूम, दगड बाजूला टाकावे लागतात. माझ्या जन्माआधीपासून ते तिथे टाकत आल्यामुळे त्याची टेकडी झाली आहे. टेकडीच्या पायथ्याशी नाली. नालीच्या टोकाला गाळटाक्या, म्हणजे पाणी थांबून गाळ खाली बसावा म्हणून खणलेले मोठे हौद. हौदांच्या खाली माझ्या मोठीमायची बांधी आणि तिच्या खाली गावाची बोडी. बोडी म्हणजे आमचा छोटा तलाव. गुरं तिथे पाणी पितात, धानाला शेवटचं पाणी तिथून मिळतं, मासोळी तिथलीच. डम्पवर एक बादली सांडली तरी ते पाणी शेवटी बोडीतच जाणार, असा सगळा उतार आहे.

एका पावसाळ्यात झड लागली. दिवसचे दिवस पाऊस थांबेना. नाली तुंबून फुटली आणि काळपट लाल गाळ थेट बोडीत गेला. गुरं काठावर जाऊन वास घेत आणि परत फिरत. बोडीची राखण माझ्या वडलांकडे, टेकचंदांकडे. पाणी कुणाला कधी सोडायचं, काठाची पाळ, म्हणजे बोडीचा बांध, कुठे खचली, हे सगळं तेच बघतात. पुढच्या उन्हाळ्यात अख्ख्या गावानं तो गाळ उपसून काढला. शेवटचं टोपलं बाहेर टाकल्यावर बाबा म्हणाले, "एक डाव उपसला. दुसऱ्या डावी आला तं बोडी बुजली समज. मंग गाव कायच्या भरवशावर राहीन?"

त्याआधी गावानं खदानीचा रस्ता अडवला होता. बाबा रस्त्यावर पहिल्या रांगेत बसले होते आणि मी त्यांना तिथेच डबा देऊन ड्यूटीवर जात होते. त्या दिवसांत घरी जेवताना आम्ही दोघं फक्त भाजीबद्दल बोलायचो. शेवटी मॅनेजर धर्मेंद्र साहेबांनी कबूल केलं. नाली रुंद करायची, टाक्या साफ करायच्या, डम्पचा उतार कापून त्याचे टप्पे करायचे, त्यांवर खस, म्हणजे माती धरून ठेवणारं गवत, आणि झाडं लावायची आणि हे काम गावातल्याच लोकांना द्यायचं. साहेब माणूस चांगला. फक्त कायम घाईत.

काम मिळालं मोठीमायच्या टोळीला. मोठीमाय म्हणजे कुंताबाई, माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत तिची बायांची टोळी आजूबाजूच्या चार गावांत मागणीला असते. हात असे चालतात की बघत राहावं. आणि तोंडही.

मी त्यांना दोरी लावून दाखवलं. टप्पा थोडा टेकडीकडे कललेला हवा आणि एका टोकाला हळूहळू उतरता. टोकाला दगडी पायऱ्यांची नाली. पाणी आलं की टप्प्यावरून चालत जाऊन पायऱ्यांनी खाली उतरेल, कुठे थांबणार नाही. बायांनी मान डोलावली. मोठीमायनंही डोलावली. ती इतक्या लवकर कधी कशाला हो म्हणत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

माती पडली, उतार मी नळीत पाणी भरून तपासला, बरोबर होता. राखणीसाठी एकेका बाईला एकेक टप्पा नेमून दिला. हा शकुबाईचा, हा सुलोचनाबाईचा, सगळ्यांत वरचा मोठीमायचा. मग मला कागदपत्रांसाठी भंडाऱ्याला खेपा घालाव्या लागल्या. मागे बाया खस लावत होत्या. खस अशी लावली होती की धानाच्या ओळी वाटाव्यात. खालून बघताना डम्प हिरवा दिसायला लागला, साहेबांनी मोबाइलवर फोटो काढले, आणि सगळे खूश झाले.

मग पुढच्या पावसाळ्याची झड लागली.

आभाळ उघडायचं नाव घेईना, तसा मी एका सकाळी रेनकोट घालून, छत्री काठीसारखी टेकत डम्पवर चढले. पहिल्या टप्प्यावर पोचले आणि थबकले. टप्प्यावर काठोकाठ पाणी उभं होतं. बेडूक ओरडत होते. पायऱ्यांच्या नालीच्या तोंडाशी मातीचा सुरेख, गुळगुळीत धुरा घातला होता. वरच्या टप्प्यावर तसाच. त्याच्या वरही तसाच. अख्ख्या डम्पवर बायांनी धानाच्या बांध्या तयार केल्या होत्या.

मोठीमाय वरच्या टप्प्यावर डोक्यावर प्लास्टिक घेऊन उभी होती. चेहऱ्यावर समाधान असं की जणू पीक घरात आलं.

"पाह्य, कसं थांबलं पानी," ती म्हणाली. "एक थेंब खाली जाऊ देला नाई."

"मोठीमाय, हे धुरे कोणी घातले?"

"आमीच. तू उतार ठेवला होता, पानी सारं वाहून जाऊन राहिलं होतं. म्हटलं, पोरगी शिकली, पन बांधी सपाट कराचं विसरली. मंग आमी केली बराबर."

"अवं, ही बांधी नाही."

"मंग काय आहे?"

मला राग आला होता. पण राग धरावा तरी कुणावर? आमच्याकडे पोर चालायला लागतं ते धुऱ्यावरून. पाणी दिसलं की अडवायचं, हे त्या बायांना कुणी शिकवलेलं नाही आणि कुणी विसरायला लावूही शकत नाही. मी तिला हात धरून टप्प्याच्या कडेला नेलं. तिथे मातीला एक फट पडली होती. टप्प्याच्या लांबीइतकी लांब, कडेला समांतर. मी मिटलेली छत्री त्या फटीत घातली. ती मुठीपर्यंत आत गेली.

मोठीमाय वाकून बघत राहिली.

"बांधीच्या खाली घट्ट चिखल असतो," मी म्हटलं. "तो पाणी वर धरतो. इथे खाली चिखल नाही. सैल मुरूम आहे, दगड आहे. पाणी उभं राहिलं की ते आत जातं, माती जड होते आणि कड सुटते. हा टप्पा खालच्यावर पडेल, खालचा त्याच्या खालच्यावर. मग नाली नाही, टाकी नाही. सगळा डम्प बोडीत."

"कधी पडन?"

"आज पडू शकतो."

तिनं फटीत बोट घालून बघितलं. मग म्हणाली, "लगन होऊन आली तवापासून पानी अडवून राहिली मी. सोडाले हात उठत नाई वं पोरी."

"मग मी फोडते."

"तू?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच माझा हात मागे घेतला. "माहा धुरा तू कायले फोडशीन? मी मेली काय?"

तिनं फावडं उचललं, धुऱ्याच्या मध्यावर मारलं आणि माती बाजूला ओढली. पाणी क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि मग धावलं. पायऱ्यांवर त्याचा आवाज सुरू झाला. मोठीमाय दुसरीकडे बघत होती.

बाकीच्या बाया हाका मारून गोळा केल्या. सुलोचनाबाईनं कुरकुर केली आणि आपला धुरा फोडला. इतरांनीही फोडले. अडलं ते शकुबाईच्या टप्प्यावर. शकुबाई त्या दिवशी नणंदेच्या गावाला उशिराच्या रोवणीला गेली होती आणि तिच्या धुऱ्याला कुणी फावडं लावेना. तिथेच फट सगळ्यांत रुंद होती. मी म्हटलं, अवं हा खदानीचा डम्प आहे, शकुबाईच्या सासऱ्याची शेती नाही. बायांनी ऐकून घेतलं आणि जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मी शकुबाईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे पाऊस, चिखल आणि बायांचा गलका.

"शकुबाई, तुझा धुरा फोडायचा आहे. हो म्हण."

"काहून? काय झालं?"

"नंतर सांगते. आधी हो म्हण."

"कोन फोडून राहिलं?"

"मोठीमाय."

"मंग फोडा," शकुबाई म्हणाली. "पन माही खस उपटू नोका."

अशा रीतीनं खदानीचा डम्प वाचला. मला हसू येत होतं.

पण पाणी डम्पवरून निघालं म्हणजे संपलं नाही. ते खाली आलं. नाली भरून वाहू लागली आणि दुपारपर्यंत तिन्ही टाक्या तुडुंब झाल्या. खड्ड्यात साचणारं पाणी पंपानं उपसून त्याच नालीत सोडतात. मी धर्मेंद्र साहेबांना फोन करून पंप बंद करायला सांगितलं. खड्ड्याच्या तळाशी त्यांचं एक ड्रिल मशीन अडकलेलं होतं, बुडणार हे उघड होतं. ते म्हणाले, "बंद करा. मशीन धुता येतं." त्या दिवशी मला त्यांच्या घाईचा पहिल्यांदा उपयोग झाला.

तरी पुरेना. टाकीत पाणी थांबलं तर गाळ खाली बसतो. पण पाणी इतक्या जोरात येत होतं की ते थांबतच नव्हतं. आलं तसं गढूळ पुढच्या चरात जात होतं आणि तो चर मोठीमायच्या बांधीला लागून बोडीकडे जातो. बाबा बोडीच्या पाळीवर उभे होते. त्यांचा फोन आला.

"दामिने, पान्याचा रंग बदलून राहिला."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मागच्या वर्षीसारखे रागावले असते तर बरं झालं असतं.

मी शेवटच्या टाकीच्या कडेला उभी होते आणि माझ्यासमोर मोठीमायची बांधी होती. गावातली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत सपाट. चारी बाजूंनी कमरेएवढे धुरे. रोवणी नुकतीच झालेली, पऱ्ह्यांनी, म्हणजे धानाच्या रोपांनी, मुळं धरून मान वर केलेली. चर बुजवून ते पाणी या बांधीत घेतलं तर ते पसरेल, थांबेल, गाळ इथे टाकेल आणि खालच्या तोंडानं बरंचसं निवळ होऊन बोडीत जाईल. हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणून तर तोंड उघडत नव्हतं. सकाळी जिला मी पाणी सोडायला लावलं, तिला दुपारी तेच पाणी स्वतःच्या धानावर घे म्हणायचं?

साहेब जीपमधून उतरले. त्यांनीही बघितलं आणि त्यांना बोलायला वेळ लागला नाही. "ही बांधी घ्या. नुकसानभरपाई देऊ. प्रितम, मशीन लाव."

प्रितम आमच्याच गावचा, खदानीवर पोकलेन चालवतो. त्यानं मशीन बांधीपर्यंत आणलं, बकेट जमिनीवर टेकवली आणि इंजिन बंद केलं.

"साहेब, दुसऱ्याच्या धुऱ्याले मी बकेट लावत नाई."

"अरे, भरपाई देणार आहोत."

"भरपाईचं नाई साहेब," प्रितम म्हणाला आणि समोर बघत बसला.

तेवढ्यात डम्पवरून मोठीमाय खाली आली. खांद्यावर फावडं, मागे बाया. तिनं चराकडे बघितलं, प्रितमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू काहून बोलून नाई राहिली?"

"काय बोलू?"

"जे तोंडात धरून उभी आहे ते."

मी सांगितलं. पाऊस पडत होता म्हणून बरं, नाहीतर माझा चेहरा सगळ्यांना दिसला असता.

"गाळ माह्या बांधीत बसन आन बोडी वाचन," ती म्हणाली. "पक्कं?"

"सगळा नाही थांबणार. थोडा जाईलच. पण बोडी बुजणार नाही. ते पक्कं."

तिला खोटं सांगितलं असतं तर तिनं फावडं माझ्याच पायावर मारलं असतं. तिनं मान हलवली.

"मशीन मांगं घे रे प्रितम."

ती आधी बांधीत उतरली. कोपऱ्यात रोवणीतून उरलेल्या पऱ्ह्यांच्या काही जुड्या ठेवलेल्या होत्या. कुठे रोप मेलं तर तिथे लावायला त्या ठेवतात. त्या तिनं एकेक करून उचलल्या आणि बाहेर बायांकडे फेकल्या. "कोनाच्या तरी कामी येतीन," ती म्हणाली. मग वर आली आणि चराकडच्या धुऱ्यावर उभी राहून फावडं मारलं. सकाळी ती दुसरीकडे बघत होती. आता तिनं नजर हलवली नाही.

पाणी आत शिरलं. काळं, जड पाणी. पहिली ओळ आडवी झाली, मग दुसरी. आम्ही रेतीची पोती टाकून चर बुजवला आणि सगळा लोंढा बांधीत वळला. पऱ्ह्यांचे शेंडे काही काळ पाण्यावर दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. मोठीमाय ते दिसेनासे होईपर्यंत उभी राहिली. कुणी तिच्याजवळ गेलं नाही. मीही गेले नाही. आमच्याकडे अशा वेळी माणसाला एकटं सोडतात, आणि मला वाटतं ते बरोबरच करतात.

खालच्या तोंडातून पाणी निघायला लागलं. आधी चहाच्या रंगाचं. मग फिकट. बऱ्याच वेळानं बाबांचा फोन आला.

"येऊन राहिलं ते पानी चालते," ते म्हणाले. मग थांबून विचारलं, "कोनाच्या बांधीतून?"

मी सांगितलं. पलीकडे नुसता पाऊस ऐकू येत होता.

"तुह्या मोठ्या बाबाले मी सांगीन," मोठीमाय फावडं धूत मला म्हणाली. मोठे बाबा म्हणजे तिचे यजमान, बाबूलाल. गुडघ्यानं घरी बसलेले. "तू सांगशीन तं तो गुडघा विसरून पळत येईन. मंग त्याले उचलून कोन नेईन?"

झड गेली. बांधीत वीतभर गाळ साचला होता. ऊन पडल्यावर तो सुकला आणि तडकला. पंचनामा झाला, पिकाची भरपाई मिळाली. मग साहेब तिच्या घरी आले आणि म्हणाले, आता ही बांधी खदानीलाच द्या. जागा चांगली आहे, तिथे चौथी गाळटाकी करू, किमतीची काळजी करू नका. मोठे बाबा खाटेवरून मोठीमायकडे बघायला लागले. मोठीमायनं साहेबांसमोर चहाचा कप ठेवला.

"साहेब, मी पानी ठेवाले देली होती," ती म्हणाली. "जमीन नाई देली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले. वर्कशॉपच्या मागे भंगार टाकायची जागा होती, गंजलेले पट्टे आणि फुटके टायर यांचं माहेरघर. ते हलवा आणि चौथी टाकी तिथे खणा, असा माझा हट्ट. भंगार कुठे ठेवायचं? कुठेही. लिलाव कधी होणार? आज. मी त्यांच्या केबिनमध्ये इतक्या वेळा गेले की शिपाई न विचारता माझा चहा आणू लागला. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावात कुणाला नाही म्हटलेलं कळतं का?" मी म्हटलं, नाही. टाकी भंगाराच्या जागी झाली.

डम्पवरचे टप्पेही बायांनी पुन्हा उतरते केले. दोरी आणि नळी घेऊन मोठीमाय स्वतः फिरत होती. एके ठिकाणी चुळकाभर पाणी थांबलेलं बघून ती शकुबाईवर कडाडली, "पानी अडवते काय वं? बांधी आहे काय ही?" शकुबाईनं माझ्याकडे बघितलं. हसू लपवायला मी तोंडाला पदर नाही म्हणून हेल्मेट लावलं.

हे सगळं झालं, पण बांधीचं झालं नाही. हिवाळ्यात लोडर लावून गाळ काढला आणि परत डम्पवर नेऊन टाकला. गाळ निघाला, पण त्याच्याबरोबर वरची काळी मातीही निघून गेली. ती त्यात मिसळली होती, वेगळी करणार कशी? खाली पिवळा मुरूम दिसायला लागला. मोठीमायनं तो मुठीत घेतला, चोळला आणि टाकून दिला. बोडी वाचली होती, डम्प हिरवा होता, माझ्या कामाची वर तारीफ झाली होती आणि ज्या बाईमुळे हे झालं तिच्याकडे धान लावायला माती नव्हती.

खदानीकडे दुसरीकडची माती होती. मी ती मागितली, मोठीमायनं बघितली आणि नको म्हणाली. "ह्या मातीत बाभूळ येईन. धान नाई."

उन्हाळ्यात बोडी आटली. दरवर्षी बोडी आटली की तळाचा गाळ घरोघर वाटून नेतात आणि आपापल्या बांधीत टाकतात. मऊ, काळा, शेणाचा आणि पानांचा गाळ. खतासारखा. पाळी कुणाची आधी, कुणाची नंतर, हे बाबा ठरवतात. त्या दिवशी बोडीच्या पाळीवर गाव जमलं. बाबा उभे राहिले.

"यंदा पयली पाळी कुंताबाईची," ते म्हणाले. मग म्हणाले, "दुसरी बी तिचीच."

लोक बघायला लागले. ताराचंद, ज्याचा ट्रॅक्टर गावात सगळ्यांत नवा आहे आणि जीभ सगळ्यांत जुनी, तो म्हणाला, "आन तिसरी?"

"तिसरी तुही," बाबा म्हणाले. "तू कुठी टाकाचं ते तू पाह्य."

ताराचंद काही वेळ टाचेनं माती उकरत बसला. "मागल्या साली ह्या बोडीत खदानीचा गाळ होता, तो उपसून माही कंबर गेली," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "यंदा चांगला गाळ आहे. काहून चांगला आहे ते मले मालूम आहे. उगाच बोलवून घेऊन राहिला मले." आणि उठून ट्रॅक्टर आणायला गेला.

तिसरी पाळी त्यानं मोठीमायच्या बांधीत टाकली. चौथी सुलोचनाबाईची, तीही तिथेच. नंतर कुणी पाळी विचारली नाही. ट्रॅक्टर बोडीत उतरत आणि वर येऊन एकाच बांधीकडे वळत. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नव्हता त्यांनी घमेल्यांनी नेला. प्रितम सुट्टी टाकून आला. धर्मेंद्र साहेबांनी खदानीचा टिप्पर पाठवला. मोठे बाबा गुडघ्याला पट्टा बांधून धुऱ्यावर बसले होते आणि कुणी कुठे माती टाकायची ते ओरडून सांगत होते. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

पिवळा मुरूम हळूहळू काळा झाला. मोठीमाय सगळीकडे फिरून फावड्यानं माती पसरत होती. शेवटचा ट्रॅक्टर रिकामा झाला तेव्हा ताराचंद चेष्टेनं म्हणाला, "काकी, आता सांग. माती साऱ्या गावाची. मंग बांधी कोनाची?"

"माही," मोठीमाय म्हणाली. "कोनाची म्हनजे?"

सगळे हसले. मोठीमाय हसली नाही. ती चराकडच्या धुऱ्याकडे गेली. झडीत तिनं फोडलेली जागा अजून तशीच उघडी होती.

"दामिने, इकडे ये."

मी गेले. तिनं तिचं फावडं माझ्यापुढे धरलं. दांडा तिच्या हातानं गुळगुळीत झालेला.

"हा धुरा मी आता बांधून राहिली," ती म्हणाली. "पन पानी परत आलं आन मी नसली, तरी फोडजो. मले ईचारत बसू नोको. ह्या धुऱ्याले आजपासून तुहं फावडं चालते."

मागे शकुबाईच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. ताराचंदचं हसू थांबलं. आमच्या गावात असं कुणी कुणाला कधी म्हटलेलं नाही. माझ्या बापानं मला म्हटलेलं नाही.

"नाही लागणार फोडायला," मी कसंबसं म्हटलं. "चौथी टाकी झाली आहे, मोठीमाय."

"ते मले मालूम आहे. फावडं धर."

मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही. मी फावडं धरलं, आणि धुऱ्याच्या मोकळ्या जागेत पहिली माती मी टाकली.